पुलाची तपासणी, काकूंच्या घरच्या विजेवर

पूल तपासायला गेलं की पहिली अडचण काँक्रीटची नसते, विजेची असते. आमच्या ड्रिल मशीनला प्लग लागतो आणि पुलाला प्लग नसतो. ऑफिसात जनरेटर मागावा तर साहेब म्हणणार, एवढ्याशा पुलाला जनरेटर कशाला, बघा की जवळपास कोणाचं घर. मग काय, काळ्या वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकायचं आणि दारोदार फिरायचं. "ताई, जरा लाइट मिळेल का?" असं विचारत मी वसई तालुक्यातल्या किती ओट्यांवर उभी राहिले असेन, देव जाणे. कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं.

भुईगावच्या अलीकडे खाडीचं पाणी भरतीला आत शिरतं, त्या ओहळावर एक जुना काँक्रीटचा पूल आहे. लहानसाच. एका बाजूने टेम्पो आला तर समोरच्या रिक्षेने थांबायचं, एवढ्याच रुंदीचा. पलीकडे केळी, सुपारी, नारळाच्या वाड्या आणि वाड्यांमधून मोजकी घरं. त्या घरांना बाहेर पडायला दुसरी वाट आहे, पण ती बांधावरून. भरतीचं पाणी बांधावर चढतं, पावसाळ्यात तर तिचा चिखलच होतो, आणि तिकडून यायला रिक्षावाले सरळ नाही म्हणतात. म्हणजे पूल हाच खरा रस्ता. दर पावसाळ्याआधी आणि नंतर जाऊन त्याची तब्येत बघायची, हे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं.

पुलाला लागून पहिलंच घर होतं ते काकूंचं. मी वायर घेऊन उभी राहिले तेव्हा त्या ओट्यावर अबोलीचे गजरे ओवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पाडायला आलात की बांधायला?"

"दोन्ही नाही. तपासायला."

"तपासून काय करणार?"

"रिपोर्ट देणार."

"रिपोर्ट देऊन काय करणार?"

आता माझा स्वभाव मुळात तापट. त्यात वसई रोडपासून गाडीत मशीन मांडीवर घेऊन आलेले, डोक्यावर ऊन. मी म्हटलं, "काकू, लाइट देणार असाल तर द्या, नाहीतर मी पुढच्या घरी जाते."

"जा की," काकू म्हणाल्या. "पुढच्या घराला कुलूप आहे."

आणि हसल्या. अस्सा राग आला मला! पण उठून त्यांनीच वायरचं टोक माझ्या हातातून घेतलं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत ओढलं आणि मिक्सरच्या प्लगमध्ये बसवून दिलं. ड्रिल सुरू झालं की दिवे मिचकावतील, म्हणून मी म्हटलं, तेवढा वेळ फ्रिज बंद ठेवूया का? तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. "फ्रिजला हात नाही लावायचा," त्या म्हणाल्या. "त्यात ह्यांची इंजेक्शनं आहेत."

'हे' आतल्या खोलीत पलंगावर पडून होते. काकांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड ठरलेली रिक्षा दारात येई, त्यांना घेऊन पूल ओलांडून वसईतल्या डायलिसिस सेंटरला नेई आणि संध्याकाळी पिळून काढल्यासारखे झालेले काका परत आणून सोडी. दारापासून दारापर्यंत. तशा अवस्थेत माणसाला चार पावलं टाकणंही जड जातं, हे काकूंनी मला त्या पहिल्या दिवशीच सांगितलं. मी ज्या पुलाखाली उतरणार होते त्या पुलावरून ही रिक्षा जात होती, एवढं मला त्या दिवसापासून ठाऊक होतं.

आमचं काम ऐकायला वाटतं तितकं अवघड नाही. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात. नवं काँक्रीट चुनकट असतं, आणि तो चुनकटपणा आहे तोवर सळईला गंज धरत नाही. पण वर्षानुवर्षं बाहेरची हवा आत मुरत जाते आणि तो गुण मरतो. शिवाय खाडी शेजारी असली की खारं पाणी, खारा वारा. मीठ झिरपत झिरपत सळईपर्यंत पोचलं की संपलंच. गंजलेली सळई फुगते, वरचं काँक्रीट फोडते, पोपडे पडतात. तर आम्ही काय करतो, काँक्रीटचा कोपरा फोडून ताज्या तुटलेल्या भागावर एक औषध फवारतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असायचं तेच, फिनॉल्फ्थॅलिन. चुनकटपणा शिल्लक असेल तिथे झक्क गुलाबी रंग चढतो. नसेल तिथे काँक्रीट तसंच राखाडी राहतं. मग ड्रिलने भोकं पाडून आतला भुगा पिशव्यांत भरायचा आणि लॅबला पाठवायचा, मीठ किती खोल गेलंय ते बघायला.

काकूंना हे मी चहा पिताना सांगितलं. त्यांच्या घरची वीज वापरतेय म्हटल्यावर एवढं सांगणं भाग होतं. "म्हणजे गुलाबी झालं की तब्येत चांगली?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर."

आतून काकांचा आवाज आला, "आणि मीठ वाईट?"

"मीठ फार वाईट, काका."

"मग त्याला नि मला पथ्य एकच आहे," काका म्हणाले. "विचार त्यांना, पुलाला बिनमिठाची आमटी कोण करून घालतं?"

"काय वाईट असते हो माझी आमटी?" काकू इथूनच ओरडल्या. मग दोघांची त्यांच्या घरच्या बोलीत जुंपली. ती बोली मला निम्मीच कळते. पण भांडण प्रेमाचं आहे हे कळायला भाषा लागत नाही. मी चहा प्यायले आणि हसत बसले.

तेव्हापासून पुलाची तपासणी म्हणजे काकूंचं घर, हे ठरूनच गेलं. काकू मला 'मॅडम' म्हणायच्या त्या हळूहळू 'अगं तू' वर आल्या. निघताना डिकीत केळीचा फणा ठेवलेला असे, वर "हे तुझ्यासाठी, हे त्या बोलघेवड्यासाठी" अशी वाटणी. बोलघेवडा म्हणजे माझा सहकारी. मशीन तोच चालवतो. तळकोकणातला आहे, माझ्याच वयाचा, आणि तोंडाने माझ्याहून फटकळ. काकांची रिक्षा पुलावर यायची वेळ झाली की तो आपणहून ड्रिल बंद करून बाजूला उभा राहायचा आणि सलाम ठोकायचा. काका रिक्षेतून हात वर करून म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या! पडला तर मी नि पूल बरोबरच जाऊ!" काकू त्यांच्या दंडावर चापट मारायच्या.

पूल मात्र सुधारत नव्हता. सुधारणार कसा? दर खेपेला गुलाबी रंग आणखी आत सरकलेला असे, पिशव्यांतल्या भुग्यात मीठ वाढलेलं असे. समुद्राकडच्या बाजूला जी तुळई आहे, तिच्यावर हातोडी टकटक मारली की जिथे पूर्वी टणक आवाज यायचा तिथे आता बद्द आवाज येऊ लागला. बद्द आवाज म्हणजे आतलं काँक्रीट सळईपासून सुटलंय. मी प्रत्येक रिपोर्टात लिहीत होते, दुरुस्ती करा, निदान जड गाड्या बंद करा. जड गाड्या बंद झाल्या. दुरुस्तीचं म्हणाल तर, 'विचाराधीन आहे'.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही आणखी एक चाचणी केली. गंज आत किती जोरात चालू आहे ते मीटरवर बघायची. त्यासाठी एक पारदर्शक नळी असते, आत निळं पाणी, खाली ओला स्पंज. काँक्रीट भिजवायचं, नळीचं टोक जागोजाग टेकवायचं आणि आकडे बघायचे. मी पुलाखाली चिखलात उभी, काकू वर कठड्यावरून वाकून बघतायत.

"मोरचूद आहे का गं ते?" त्यांनी विचारलं.

मी वर बघितलं. "हो! तुम्हाला कसं कळलं?"

"वाडीतल्या बाईला मोरचूद नाही कळणार? पावसाआधी सुपारीवर काय फवारतो मग आम्ही?"

खरंच की. सुपारीच्या घोसांना पावसात कूज लागू नये म्हणून इकडे सगळेच मोरचूद फवारतात. "बरोबर, तोच," मी म्हटलं आणि पुन्हा आकड्यांना लागले, कारण भरती चढायच्या आत संपवायचं होतं. काकू कठड्यावरून बराच वेळ बघत होत्या. मी नळी टेकवते, उचलते, पुढे सरकते, पुन्हा टेकवते.

पावसाळा संपला. दिवाळी आटोपल्यावर आम्ही पुन्हा गेलो. काकूंच्या घराला नवा रंग, अंगणात तुळशीपुढे रांगोळी. वायर लावली, ओहोटीला खाली उतरलो. खाली गेले की आधी गेल्या खेपेच्या जागांवर मी एकेक फवारा मारते. नेमकं माप नंतर ताजं काँक्रीट फोडून घ्यायचं असतंच, हा आपला पहिला अंदाज. समुद्राकडच्या तुळईला जिथे पोपडा पडून मोठी खाच झाली होती, जिथे गेली दोन वर्षं रंगाचं नाव नव्हतं, तिथे फवारा मारला.

आणि ती खाच गुलाबी झाली. फिकट नाही हो, चांगली गडद. लग्नातल्या फेट्यासारखी.

"आयला!" सहकारी म्हणाला.

मी शेजारच्या भेगेवर फवारा मारला. गुलाबी. पुढच्या खाचेवर मारला. गुलाबी! खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. काँक्रीट म्हातारं होतं, तरुण होत नाही, हे मला पाठ आहे. तरीसुद्धा क्षणभर वाटलं की गेल्या वेळी माझंच काहीतरी चुकलं असेल, पूल ठीक असेल, रिक्षा चालत राहील. मला तसं असायला हवं होतं. मग मी छिन्नी लावली आणि हातोडी मारली.

नखाएवढ्या जाडीचा पांढरा पापुद्रा सुटून हातात आला. त्याच्या खाली काँक्रीट होतं तसंच, राखाडी, कोरडं, मेलेलं. त्यावर फवारा मारला, पाणी मारल्यासारखं झालं. पापुद्रा बोटांत चुरला तर चुना. घराला लावायचा साधा कळीचा चुना, धरून राहावा म्हणून डिंक घालून कालवलेला. जुन्या पुलाखाली पांढरे ओघळ असतातच, म्हणून नुसत्या नजरेला कळला नव्हता.

"कोणीतरी आपल्याला चुना लावला," सहकारी म्हणाला आणि खो खो हसायला लागला.

"गप्प बस!" मी ओरडले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. माझं डोकं सणकलं होतं. कोणी केला हा उद्योग? तपासणीची जागा सारवून ठेवायची म्हणजे काय? उद्या माझ्याऐवजी दुसरं कोणी आलं असतं, घाईत वरवर बघून 'उत्तम' लिहून गेलं असतं, तर?

तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला. "आला ना गं रंग?"

मी वर बघितलं. त्या कठड्यावर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. बाळाचा ताप उतरला का म्हणून विचारावं, तसं विचारत होत्या.

"काकू, हे तुम्ही केलंत?"

"मग कोण करणार? ह्यांनी प्रमाण सांगितलं, मी लावला. पाऊस गेल्यापासून लावतेय, ओहोटी बघून. दर आठवड्याला एक हात."

"पण कशाला?" मी ओरडलेच. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

काकूंना माझं ओरडणं समजेना. "अगं, तूच मोरचूद लावून गेलीस ना? नुसत्या मोरचुदाने कुठे गुण येतो? त्यात चुना लागतो. सुपारीला आम्ही दोन्ही देतो. ह्यांना म्हटलं, शहरातली मुलगी आहे, मोरचूद आणला आणि चुना विसरली. आपण देऊया."

मी कपाळाला हात लावला. ती नळी औषध द्यायची नव्हती हो, ती नुसती मोजायची होती. पण वरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? काँक्रीट भिजवतेय, निळं पाणी जागोजाग टेकवतेय. वाडीत आयुष्य गेलेल्या बाईला त्यात फवारणी दिसली, आणि मोरचुदाचा जोडीदार चुना हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वर माझंच वाक्य, चुनकटपणा म्हणजे तब्येत. साठी उलटलेली ती बाई आठवड्याच्या आठवड्याला गुडघाभर चिखलात उतरत होती, बादली आणि कुंचा घेऊन, निसरड्या दगडांवरून. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि रडू यायला लागलं. रडले नाही, सहकारी शेजारी उभा होता.

वर गेले. ओट्यावर बसून काकूंना सगळं समजावलं. विचार चुकीचा नव्हता काकू, म्हटलं, काँक्रीटला चुन्याचाच गुण हवा असतो. पण वरून लावलेला चुना आत जात नाही आणि आत गेलेलं मीठ बाहेर येत नाही. काकू ऐकत होत्या. हातावर चुन्याने चिरा पडल्या होत्या त्यांच्या, त्या मला तेव्हा दिसल्या.

"म्हणजे गुण नाही आला," त्या म्हणाल्या.

"नाही, काकू."

"मग तू मोरचूद लावलास तो?"

"ते औषध नव्हतं. ते मोजायचं यंत्र होतं."

"म्हणजे इतकी वर्षं तू येतेस, ती नुसती बघायला?"

मी बोटांना लागलेला चुना पुसत राहिले.

"ह्यांचे डॉक्टर निदान मशीनला तरी लावतात," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "बरं नाही होणार म्हणतात, पण काहीतरी करतात ना! तुम्ही येता, टोचता, रंग बघता नि जाता. माझ्या घरची वीज लावून नुसतं बघून जाता, मॅडम?"

तुम्ही. मॅडम. थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. माझं काम बघायचं आणि सांगायचं. दुरुस्ती करणारे दुसरे, पैसे मंजूर करणारे तिसरे. हे सगळं खरं आहे, आणि त्यांच्या घरची वीज मीच वापरत होते. आतून काका म्हणाले, "अगं, तिच्यावर का ओरडतेस?" काकू उठून आत गेल्या. त्या दिवशी आम्ही काम पुरं केलं, वायर गुंडाळली आणि निघालो. चहा झाला नाही.

चुना खरवडून काढल्यावर त्याखाली काय होतं ते सांगते. समुद्राकडची तुळई जिथे काठावर टेकते, तिथे सळई उघडी पडली होती, आणि मी हात लावला तर तिचा पापुद्र्यांचा थर सुटून हातात आला. मूळ सळईच्या जागी काडी राहिली होती. सगळा भार घेणारी ती जागा. मी कोणी नवशिकी नाही, मला कळलं. लॅबचे आकडे यायचे होते, पण ते येऊन काही वेगळं सांगणार नव्हते.

तरी मी धडपड केली. ऑफिसात बसून गणितं मांडली, पुन्हा मांडली. पूर्ण बंद न करता फक्त रिक्षा सोडता येतील का? रिक्षेचं वजन ते किती! रिक्षेच्या टपाच्या वर आडवा लोखंडी बार टाकला तर मोठी गाडी जाणारच नाही. साहेबांशी वाद घातला. ते म्हणाले, "बार टाकायचा आणि रात्री कोणी काढून विटांचा टेम्पो नेला तर? सही तुमची आहे." साहेबांवर माझा राग असतो नेहमी, पण ह्या वेळी ते बरोबर होते. आणि टेम्पोचं सोडा, त्या काडीवर मी रिक्षासुद्धा सोडायला तयार नव्हते. रिक्षेत काका असणार होते. मी लिहिलं, सर्व वाहनांना बंद. दुसऱ्या बाजूची तुळई बरी होती, म्हणून माणसांनी त्या कडेने चालत जायला हरकत नाही, एवढी एक ओळ मी भांडून घातली.

रिपोर्ट पाठवायच्या आधी मी स्वतः सांगायला गेले. सुट्टीचा दिवस होता, रिक्षा करून एकटीच गेले. काकू परसात होत्या, माझा आवाज ऐकूनही पुढे आल्या नाहीत. काका ओट्यावर खुर्चीत बसले होते. पाय सुजलेले, रंग मातीसारखा झालेला. मी सांगितलं. दारात रिक्षा येणार नाही, पलीकडे उभी राहील, पूल चालत ओलांडावा लागेल.

काकांनी पुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमचा जीव खालीवर झालेला दिसतोय. आत जाऊन पाणी प्या."

"काका, मला माफ करा."

"तुम्ही काय पुलाला मीठ घातलंत?" ते म्हणाले. "जा, पाणी प्या."

मी आत जाऊन माठातलं पाणी प्यायले. काकू परसातल्या पायरीवर पाठ करून बसल्या होत्या. मी "येते काकू" म्हटलं. त्यांनी मान हलवली की नाही, मला दिसलं नाही.

पूल बंद व्हायला फार दिवस लागले नाहीत. दुरुस्तीला वर्षं लागतात, बंद करायला दोन लोखंडी खांब पुरतात. खांब रोवले गेल्यावर चालायची कडेची पट्टी आखून द्यायला आम्हाला बोलावलं होतं. पिवळा रंग आणि दोरी घेऊन मी पोचले तर पुलाच्या मधोमध, बऱ्या बाजूच्या कठड्याला, एक प्लास्टिकची खुर्ची सुतळीने बांधलेली. शेजारच्यांनी आणून ठेवली होती म्हणे. वाऱ्याने उडू नये म्हणून बांधली होती.

मी पट्टी आखत होते तेव्हा काका-काकू निघाले. त्यांचा डायलिसिसचा दिवस होता. काका एक हात कठड्यावर, एक काकूंच्या खांद्यावर, असे येत होते. दर दोन-चार पावलांनी थांबत होते. मी धावत पुढे गेले, पण काकूंनी हातानेच नको म्हटलं. खुर्चीपर्यंत पोचल्यावर काका बसले आणि त्यांनी डोळे मिटले. छाती भात्यासारखी हलत होती. पलीकडे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला दुसरं भाडं होतं बहुतेक. काकू म्हणाल्या, "बसा इथेच, मी त्याला थांबवून येते," आणि तरातरा पुढे गेल्या.

मी काकांजवळ उभी राहिले, हातात रंगाचा ब्रश. भरती लागत होती, खालून पाणी आत यायला लागलं होतं.

काकांनी डोळे उघडले. काकू रिक्षेपाशी पोचल्यात ना, ते आधी बघितलं. मग मला म्हणाले, "एक विचारू? नवा पूल होईल?"

"होईल ना काका. नक्की होईल."

"तसं नाही विचारत. मला बघून सांगा. माझ्या वेळेत होईल?"

माझ्या जिभेवर 'होईल हो' तयार होतं. माझ्या आईच्या वयाची सगळी माणसं आजाऱ्याला हेच सांगतात, आणि तेच बरोबर असेल कदाचित. पण काका माझ्याकडे असे बघत होते की मला ते जमेना. नकाशे, मंजुरी, टेंडर, पावसाळे. मला सगळं दिसत होतं, आणि त्यांचे पायही दिसत होते.

"नाही, काका," मी म्हटलं. "नाही होणार."

त्यांनी मान हलवली. ते रागावले नाहीत, दचकलेही नाहीत. उलट जरा सैल झाल्यासारखे खुर्चीत मागे टेकले.

"बरं केलंत," ते म्हणाले. "मला वाटतच होतं. कोणी बोलत नव्हतं." मग घाईने, खालच्या आवाजात, "हिला मात्र नका सांगू. रोज सकाळी दार उघडलं की आधी पुलाकडे बघते. काम सुरू झालं का बघते."

काकू परत येत होत्या. पदराने तोंड पुसत आल्या आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "काय बोलत होतात?"

"काही नाही गं," काका म्हणाले. "ह्या सांगत होत्या, नवा पूल लवकरच होतोय. कागद वर गेलेत."

काकू माझ्याकडे वळल्या. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "खरं का गं?"

मला 'गं' म्हणाल्या त्या. मी काकांकडे बघितलं नाही.

"हो काकू," मी म्हटलं. "लवकरच होईल."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" काकू त्यांना म्हणाल्या, आणि त्यांना उठवायला खाली वाकल्या.